औषध म्हणून आली, जकात म्हणून राहिली

१४९२ सालच्या नोव्हेंबरात कोलंबसाने आपली दोन माणसं क्यूबा बेटाच्या आतल्या भागात पाठवली. एक रॉद्रिगो दे हेरेस, दुसरा लुइस दे तोरेस. काम एवढंच, की चीनचा सम्राट कुठे राहतो ते हुडकायचं आणि स्पेनच्या राजाराणीचं पत्र त्याच्या हाती द्यायचं. आपण आशियात पोचलोय याबद्दल कोलंबसाला शंका नव्हती. म्हणूनच दुभाष्याच्या कामाला त्याने तोरेसला बरोबर घेतलं होतं, कारण तोरेसला हिब्रू आणि अरबी यायची. क्यूबातल्या ताइनो लोकांना या दोन्ही भाषांचा गंध नव्हता. तीन-चार दिवसांनी दोघे परतले. सम्राट सापडला नाही, पन्नासेक घरांचं एक गाव सापडलं. वाटेत बायका आणि पुरुष हातात जळतं लाकूड आणि कसल्याशा सुक्या पानांची गुंडाळी घेऊन चालताना दिसले. ते गुंडाळी पेटवत आणि तिचा धूर आत ओढत.

ती पानं तंबाखूची. कोलंबसाला सोनं हवं होतं, पानं नकोत. तशी ती पानं त्याने आधीही पाहिली होती. १५ ऑक्टोबरच्या नोंदीत एका होडीतल्या माणसाजवळच्या सुक्या पानांचा उल्लेख येतो. इथे या पानांना बरीच किंमत असावी, कारण पहिल्या बेटावर आपल्याला ती भेट म्हणून मिळाली होती, असा त्याचा अंदाज. तो अंदाज बरोबर होता. पण पुढची जवळजवळ सत्तर वर्षं युरोपने या पानांकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

मला या गोष्टीतला सगळ्यात रंजक भाग हाच वाटतो. त्याच प्रवासांतून आलेला मका आणि मिरची काही दशकांतच स्पेन-पोर्तुगालच्या मातीत रुजली. तंबाखूला मात्र वेळ लागला. आणि एकदा सुरुवात झाल्यावर पुढच्या साठ-सत्तर वर्षांत ती लंडनच्या गुत्त्यापासून रोमच्या चर्चपर्यंत सगळीकडे पोचली. आधी एवढा उशीर का आणि मग एवढी घाई कशाला?

उशिराचं पहिलं कारण अगदी साधं आहे. मका हातात आला तर त्याचं काय करायचं ते माणसाला कळतं. भाजा, दळा, खा. वाळलेल्या पानाचा धूर फुप्फुसात ओढायचा ही कल्पनाच युरोपात रुळलेली नव्हती. चर्चमध्ये धूप जाळत, दम्याच्या रोग्याला एखाद्या पाल्याची धुरी देत, पण मजेसाठी धूर ओढणं कुणाच्या गावीही नव्हतं. अमेरिकेत तर तंबाखूचे किती प्रकार! कुठे पानांची विडी, कुठे बोरूसारखी नळी, कुठे मातीचा किंवा दगडाचा पाईप, कुठे नाकात ओढायची पूड, कुठे शिंपल्यांच्या चुन्याबरोबर चघळायची गोळी. त्यामागे पूजाविधी, तहाच्या बैठका, वैदूंचे उपचार असा सगळा संसार होता. तो संसार सोडून नुसतं पान उचलून आणलं तर ते निव्वळ गवत. शिवाय ते ‘रानटी’ लोकांच्या देवधर्मातलं गवत, म्हणजे सैतानाशी संबंध असलेलं, हा संशय वेगळाच.

पण तिकडे स्थायिक झालेल्यांचं काय? त्यांना चटक लवकर लागली. बार्तोलोमे दे लास कासास या धर्मगुरूने हिस्पानिओला बेटावरच्या आपल्या स्पॅनिश ओळखीच्यांबद्दल लिहून ठेवलंय. हे व्यसन आहे, सोडा, असं त्याने त्यांना बजावलं तेव्हा त्यांचं उत्तर होतं, की सोडणं आता आमच्या हातात राहिलेलं नाही. यांना त्यात चव तरी काय लागते कोण जाणे, अशी त्याची पुढची कुरकूर आहे. निकोटिन हा शब्द जन्माला यायला तेव्हा तीनेकशे वर्षं होती, पण त्याचं काम या एका उत्तरात अख्खं सापडतं.

१५३५ साली गोन्सालो फर्नांदेस दे ओविएदो या अधिकाऱ्याने तंबाखूला मनापासून शिव्या घातल्या, पण दोन उपयुक्त गोष्टी नोंदवल्या. एक, उपदंशाने हैराण झालेले काही ख्रिस्ती लोक वेदना विसरायला ती ओढतात. दोन, मळ्यांवर राबणारे आफ्रिकी गुलाम ती स्वतः लावतात, कारण तिने दमणूक कमी वाटते. म्हणजे युरोपीय समाजाच्या कडेला ती आधीच शिरली होती: खलाशी, रोगी, गुलाम. बंदरांत उतरणाऱ्या खलाशांच्या तोंडून सेव्हिल आणि लिस्बनमध्ये धूर निघत असणारच. पण खलाशाची सवय उचलायला कुठलाही सभ्य माणूस तयार नव्हता. रॉद्रिगो दे हेरेसबद्दल एक कथा सांगतात. गावी परतल्यावर त्याच्या नाकातोंडातून धूर निघताना पाहून शेजारी घाबरले आणि धर्मन्यायालयाने त्याला तुरुंगात टाकलं. कथा म्हणूनच ती घ्यावी, पण ती इतकी टिकली यावरून त्या काळची मनःस्थिती कळते.

हे चित्र पालटलं ते वैद्यांनी, आणि त्याआधी बागवानांनी.

सोळाव्या शतकाच्या मध्याला श्रीमंत युरोपीयांना परदेशी झाडांचं वेड लागलं होतं. लिस्बनच्या बागांत तंबाखूची रोपं शोभेसाठी वाढत होती. १५५४ साली रेंबर्ट डोडोन्स या फ्लेमिश वैद्याने आपल्या वनस्पतिकोशात तिचं चित्र छापलं, पण तिला नवी वनस्पती म्हणून ओळखलंच नाही. खुरासनी ओव्याच्या जातीतलं पिवळ्या फुलाचं झाड समजून तो मोकळा झाला. चूक अगदीच वेडगळ नव्हती. दोन्ही झाडं एकाच कुळातली, वांगी-टोमॅटो-धोतऱ्याच्या कुळातली.

मग आला झाँ निको. १५५९ साली फ्रान्सच्या राजाने त्याला लिस्बनला वकील म्हणून पाठवलं. फ्रान्सची राजकन्या आणि पोर्तुगालचा बालराजा सेबास्तियाँ यांची सोयरीक जुळवणं ही कामगिरी. वधू सहा वर्षांची, वर पाच वर्षांचा. सोयरीक काही जुळली नाही. पण तिथे निकोला तंबाखूचं रोप मिळालं, ते त्याने बागेत लावलं आणि त्याचा पाला जखमांवर लावून पाहायला सुरुवात केली. कुणा नोकराच्या नाकाजवळचं चिघळलेलं गळू बरं झालं, सुरीने जवळजवळ तुटलेला स्वयंपाक्याचा अंगठा सांधला, अशा हकिगती पसरल्या. १५६० साली निकोने फ्रान्सच्या दरबारात पत्र धाडलं, की इंडीजमधून, म्हणजे अमेरिकेकडून, आलेली एक चमत्कारी वनस्पती हाती लागली आहे आणि जुनाट व्रणांवर तिचा गुण सिद्ध झाला आहे. बीही पाठवलं. राजमाता कातेरिना दे मेदिचीपर्यंत ते पोचलं, आणि राणीच्या बागेत पोचलेली वस्तू सरदारांच्या बागेत यायला वेळ लागत नाही.

यात एका माणसाचा कायमचा जळफळाट झाला. आंद्रे तेवे नावाचा फ्रान्सिस्कन साधू १५५५-५६ मध्ये स्वतः ब्राझीलला जाऊन आला होता, तिथून तंबाखूचं बी आणून त्याने आपल्या गावी, आंगुलेमला, लावलं होतं आणि १५५७ साली त्याबद्दल छापलंही होतं. मी परतल्यावर दहा वर्षांनी, कधी जहाजावर पायही न ठेवलेल्या कुणीतरी या झाडाला आपलं नाव दिलं, अशी तक्रार त्याने पुढे छापून मांडली. कुणी ऐकली नाही. १७५३ साली वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने या वंशाला निकोशियाना नाव देऊन टाकलं, आणि १८२८ साली हायडेलबर्गमध्ये पोसेल्ट आणि राइमान यांनी पानांतलं मुख्य द्रव्य वेगळं केलं तेव्हा तेही निकोच्याच खात्यावर जमा झालं.

इटलीत तीच तऱ्हा. लिस्बनला पोपचे प्रतिनिधी असलेल्या सांताक्रोचे यांनी १५६१ च्या सुमारास बी रोमला नेलं. तोर्नाबुओनी नावाच्या बिशपने फ्रान्सहून फ्लॉरेन्सला पाठवलं. बंदरातल्या खलाशाच्या तोंडातली वस्तू आता वकील, कार्डिनल आणि राजमातेच्या हातून फिरू लागली.

आता वैद्यांकडे येऊ. तंबाखू औषध कशी ठरली हे समजायला त्या काळचं युरोपीय वैद्यक थोडं समजून घ्यावं लागतं. शरीरात चार रस असतात: रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त. त्यांचा तोल गेला की आजार. प्रत्येक पदार्थ उष्ण किंवा थंड, कोरडा किंवा ओला, आणि त्या गुणालाही चढत्या पायऱ्या. आंबा उष्ण पडतो, ताक थंड असतं हे ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला यात फार परकं काही वाटणार नाही. तपशील वेगळे, विचाराची पद्धत ओळखीची. या हिशेबात मेंदू हा थंड आणि ओला अवयव. सर्दी, डोकेदुखी, दमा, दातदुखी, सुस्ती ही सगळी मेंदूतून खाली झिरपणाऱ्या कफाची करणी.

आणि तंबाखू? ती दुसऱ्या पायरीची उष्ण आणि कोरडी, असा निकाल सेव्हिलचा वैद्य निकोलास मोनार्देस याने दिला. थंड-ओल्या मेंदूवर उष्ण-कोरडा धूर, याहून नेमका उतारा कोणता? शिवाय पुरावा डोळ्यांसमोर. धूर ओढला की तोंडाला पाणी सुटतं, खोकला येतो, थुंकी पडते. पूड नाकात ओढली की शिंकांवर शिंका. म्हणजे कफ बाहेर पडतोय! भूक मरते, झोप उडते, थकवा जातो, हे तर खरंच घडत होतं. रस लावला की उवा मरतात हेही खरं, कारण निकोटिन कीटकांना विषच आहे. सिद्धान्त चुकीचा होता, निरीक्षणं बरीचशी बरोबर होती. अशी जोडी मोडायला फार कठीण असते.

१५७१ साली आलेल्या मोनार्देसच्या पुस्तकात तंबाखूवर एक लांबलचक प्रकरण आहे. डोकेदुखी, छातीचे विकार, पोटशूळ, जंत, सांधेदुखी, दातदुखी, विषारी बाणांच्या जखमा, लहान मुलांचं अपचन, यादी संपत नाही. हा माणूस आयुष्यात कधी अमेरिकेला गेला नाही. सेव्हिलच्या गोदीवर उतरणारा माल, खलाशांच्या गप्पा आणि स्वतःची बाग यांच्या जोरावर त्याने लिहिलं. त्याचा अमेरिकेशी व्यापारही होता, त्यात गुलामांचा व्यापारही आला, आणि १५६७ साली त्याचं दिवाळं निघालं होतं. त्यामुळे तिकडच्या मालाची तारीफ करताना तो अगदीच तटस्थ होता असं म्हणवत नाही. १५७७ साली जॉन फ्रॅम्प्टनने त्याच्या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद केला. तंबाखूला इंग्लंडात ‘शास्त्राचा आधार’ मिळाला तो असा.

इंग्लंडात मात्र तंबाखू बागेपेक्षा बंदरातून जास्त आली, आणि पुडीपेक्षा पाईपमधून. १५६५ साली जॉन हॉकिन्सच्या जहाजांवरच्या माणसांनी फ्लोरिडात ती ओढताना पाहिली. १५७३ सालच्या नोंदींत विल्यम हॅरिसन सांगतो, की लहान पळीसारख्या साधनाने या पाल्याचा धूर ओढायची इंग्लंडात आता चाल पडली आहे. १५८६ साली अमेरिकेतल्या रोआनोक बेटावरची वसाहत गुंडाळून परतलेले लोक पाईप ओढतच उतरले. त्यांच्यात टॉमस हॅरियट हा गणिती होता. १५८८ साली त्याने लिहिलं, की तिथले लोक निरोगी आहेत ते याच धुराने, आणि परत आल्यापासून आम्हीही तो ओढतो. हॅरियट १६२१ साली नाकाजवळच्या कर्करोगाने गेला.

या सगळ्यांचा पाठीराखा वॉल्टर रॅले. एलिझाबेथ राणीच्या मर्जीतला, देखणा, उधळ्या. तंबाखू इंग्लंडात त्याने आणली हे खरं नाही, ती आधीच आली होती. मालकाला आग लागली समजून नोकराने त्याच्यावर पाणी ओतल्याची गोष्टही भाकडकथा. पण जे खलाशी करत होते ते रॅले दरबारात करू लागला आणि पाईप ही झोकाची वस्तू झाली. १६१८ साली शिरच्छेदाला जाण्यापूर्वीही त्याने पाईप ओढला, आणि त्यावर काही लोकांनी नाकं मुरडली.

या पाईपबद्दल थोडं थांबून सांगावंसं वाटतं. तो पांढऱ्या चिकणमातीचा, साच्यात काढून भट्टीत भाजलेला, स्वस्त आणि हमखास फुटणारा. सुरुवातीच्या पाईपांची वाटी इतकी चिमुकली, की करंगळीचं टोक जेमतेम मावेल, कारण तंबाखू भयंकर महाग. चांदीच्या भारोभार ती विकली जाई आणि बाजारात जाताना लोक तराजूत टाकायला निवडून जाडजूड शिलिंग घेऊन जात, अशी आठवण सतराव्या शतकातला चरित्रकार जॉन ऑब्री याने नोंदवली आहे. पुढे शेतात हे इवलेसे पाईप सापडू लागले तेव्हा खेड्यातले लोक त्यांना पऱ्यांचे पाईप म्हणू लागले. जसजशी तंबाखू स्वस्त झाली तसतशी वाटी मोठी होत गेली. दांडीही लांब झाली आणि तिच्यातलं भोक मात्र बारीक: सतराव्या शतकाच्या सुरुवातीला साधारण साडेतीन मिलिमीटर, अठराव्याच्या उत्तरार्धात त्याच्या निम्मं. १९५४ साली जे. सी. हॅरिंग्टन या पुरातत्त्वज्ञाच्या ध्यानात आलं, की फुटक्या दांड्यांची भोकं ड्रिलच्या पात्याने मोजली तर त्या जागेचा काळ काढता येतो. उत्खननात नाणं सापडेल न सापडेल, पाईपचे तुकडे ढिगाने सापडतात. आजही थेम्सला ओहोटी लागली की चिखलात ते दिसतात. त्यांची संख्या पाहूनच कळतं, की ही चैन श्रीमंतांपुरती फार काळ राहिली नव्हती.

१५९८ साली इंग्लंड पाहायला आलेला पॉल हेन्ट्सनर हा जर्मन प्रवासी लिहितो, की अस्वलांच्या झुंजी असोत की आणखी काही, इंग्रज सदानकदा ओढत असतात. पुढे तो पाईप कसा भरतात, धूर नाकातून कसा काढतात, हे एखादी कसरत समजावावी तसं समजावतो. त्याच्या वाचकांना ते नवीन होतं.

१६०३ साली जेम्स पहिला गादीवर आला. त्याला तंबाखूचा मनस्वी तिटकारा. पुढच्याच वर्षी त्याने, नाव न घालता, ‘काउंटरब्लास्ट टू टोबॅको’ ही पुस्तिका छापली. तिच्यातली वांशिक तुच्छता वाचवत नाही. देव न मानणाऱ्या गुलामगिरीच्या लायक लोकांची नक्कल आपण का करायची, असा तिचा सूर आहे. पण वैद्यांच्या दाव्यांची त्याने उडवलेली रेवडी अजून ताजी वाटते. धूर हलका म्हणून डोक्यात चढतो आणि त्याच क्षणी त्याचा गुण जड होऊन पायाच्या बोटापर्यंत उतरतो व संधिवात बरा करतो, हा काय चमत्कार? झोपताना घेतली तर झोप आणते, झोप आली असताना घेतली तर जाग आणते, तीच वस्तू? ओढणाऱ्यांच्या शरीरात स्वयंपाकघरातल्यासारखी काजळी धरते, हेही त्याने लिहिलं. डोळ्यांना किळसवाणी, नाकाला नकोशी, मेंदूला घातक, फुप्फुसांना धोक्याची, हा त्याचा समारोप आज सिगारेटच्या पाकिटावर छापला तर कुणाला जुना वाटणार नाही.

त्याच वर्षी त्याने जकात वाढवली. पौंडाला, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅमला, २ पेन्स होती ती ६ शिलिंग १० पेन्स केली. शिलिंगात १२ पेन्स, म्हणजे २ वरून थेट ८२. एकेचाळीस पट! ओढणं थांबलं नाही, चोरटा माल वाढला, आणि काही वर्षांतच जकात बरीच खाली आणावी लागली. या प्रकरणातून राजाच्या कारभाऱ्यांना जे कळलं ते राजाच्या मताच्या नेमकं उलट होतं. लोक ही वस्तू सोडत नाहीत, तेव्हा परवडेल एवढा कर ठेवला तर तो दर वर्षी न चुकता येईल.

गंमत म्हणजे त्याच सुमाराला हाच वाद आपल्या दख्खनच्या निमित्ताने मुघल दरबारात झाला. अकबराचा मुलगा दानियाल याच्या लग्नासाठी आदिलशहाची मुलगी आणायला विजापूरला गेलेला असद बेग हा सरदार १६०४ च्या आसपास परतताना तंबाखू आणि रत्नजडित हुक्का घेऊन आग्र्याला आला. पोर्तुगीजांच्या मार्फत ती विजापुरात आधीच पोचलेली होती. अकबराने दोन-चार झुरके घेतले. हकिमांनी आक्षेप घेतला, की आमच्या ग्रंथांत हिचा उल्लेख नाही, फिरंग्यांचं अनुकरण आम्ही का करावं. असद बेगने उलट विचारलं, की जगातली कुठली चाल कधीतरी नवी नव्हती? अकबराला ते पटलं. १६१७ साली जहांगिराने बंदी घातली, तिचा परिणाम शून्य. लंडन आणि आग्रा, दोन्हीकडे आक्षेप जवळजवळ सारखे आणि निकालही सारखाच.

इंग्लंडच्या पारड्यात खरं वजन टाकलं ते अमेरिकेतल्या व्हर्जिनिया या इंग्रज वसाहतीने. १६०७ साली वसलेलं तिथलं जेम्सटाउन उपासमारीने मरणपंथाला लागलं होतं. सोनं नव्हतं, रेशीम जमलं नाही, काच जमली नाही. तिथली स्थानिक तंबाखू निकोशियाना रस्टिका जातीची, कडवट, लंडनच्या जिभेला न रुचणारी. चांगला माल स्पॅनिश वसाहतींतून यायचा. १६१२ च्या सुमारास जॉन रॉल्फने कुठून तरी स्पॅनिश जातीचं, म्हणजे निकोशियाना टबॅकमचं, बी मिळवलं. ते नदीकाठच्या जमिनीत उत्तम आलं. १६१६ साली सुमारे अडीच हजार पौंड माल इंग्लंडला गेला, पुढच्याच वर्षी वीस हजारांच्या घरात. १६१७ साली कॅप्टन आर्गल तिथे उतरला तेव्हा बाजाराच्या चौकात आणि रस्त्यांतही तंबाखू लावलेली होती. आधी मका लावा, मग तंबाखू, असे हुकूम काढावे लागले. १६३० च्या दशकाच्या अखेरीस निर्यात तीसेक लाख पौंडांवर गेली.

हे पीक माणसाला पिळून काढतं. वाफ्यात रोपं करा, एकेक उपटून लावा, शेंडे खुडा, बगलेतले फुटवे सतत मोडा, अळ्या हाताने वेचा, मग तोडणी, टांगणी, वाळवण, बांधणी. तीन-चार वर्षांत जमीन थकते, की नवं रान तोडायचं, आणि ते रान पाउहॅटन या तिथल्या मूळ रहिवाशांचं. आधी इंग्लंडातून करारावर बांधून घेतलेले गरीब मजूर आले. १६१९ च्या ऑगस्टमध्ये वीसेक आफ्रिकी माणसं तिथे विकली गेली. सतराव्या शतकाच्या अखेरीस हे मळे मुख्यतः गुलामांच्या श्रमावर चालू लागले. लंडनमध्ये पाईप स्वस्त झाला त्याचा हिशेब इथे लागतो. १६१९ साली उत्तम पानाचा भाव पौंडाला ३ शिलिंग होता, १६३० च्या सुमारास तो मळ्यावर एका पेनीपर्यंत घसरला. आता हमालही ओढू शकत होता.

उरलेल्या युरोपात ती नेली सैनिकांनी. इंग्लंडहून हॉलंडमध्ये लढायला आलेल्या विल्यम बार्नेल्ट्सने १६१७ साली खाउदा गावात पाईप घडवायला सुरुवात केली आणि ते गाव पुढे पाईपांचं माहेरघर झालं. १६१८ ते १६४८ चं तीस वर्षांचं युद्ध जर्मन मुलखातून फिरलं, आणि छावण्यांबरोबर तंबाखूही फिरली. उपाशी, कंटाळलेल्या, भेदरलेल्या शिपायाला भूक मारणारी आणि हातांना चाळा देणारी वस्तू मिळाली. इकडे वैद्यकाचा आधार सुटला नव्हताच. १६६५ साली लंडनमध्ये प्लेग आला तेव्हा ईटनच्या शाळेत मुलांना रोज सकाळी सक्तीने पाईप ओढायला लावत. न ओढल्याबद्दल खाल्लेला मार एका विद्यार्थ्याला म्हातारपणीही आठवत होता. लंडनचा रोजनिशीकार सॅम्युएल पेप्स याने प्लेगच्या घरांच्या दारांवर लाल फुल्या पाहिल्यावर घाबरून हुंगायला आणि चघळायला तंबाखू विकत घेतली, हे त्याच्या ७ जूनच्या नोंदीत आहे.

स्पेन, इटली आणि फ्रान्समधल्या वरच्या वर्गाने तपकीर जवळ केली. यावरून चर्चची डोकेदुखी वाढली. पेरूतल्या लिमाच्या धर्मसभेने १५८३ सालीच पाद्र्यांना ‘मास’ या चर्चमधल्या पूजाविधीच्या आधी तंबाखू घ्यायला मनाई केली होती. १६४२ साली पोप अर्बन आठवा याने सेव्हिलच्या चर्चांत तंबाखू घेणाऱ्यांना बहिष्काराचा दम भरला. तक्रार अशी, की पूजा चालू असताना खुद्द पुजारीच तपकीर ओढतात आणि पवित्र वस्त्रं डागाळतात. १७२५ साली पोप बेनेडिक्ट तेराव्याने रोममधली जुनी बंदी उठवली. तो स्वतः तपकीर ओढायचा. पूर्वेकडचे उपाय जास्त जहाल. इस्तंबूलमधल्या मोठ्या आगीनंतर १६३३ साली सुलतान मुराद चौथा याने धूम्रपानाला देहदंड लावला. रशियात १६३४ पासून फटके आणि नाक कापणं. १६९८ साली त्याच रशियाच्या पीटर झारने लंडनमध्ये बसून, आगाऊ रक्कम घेऊन, तंबाखू विकण्याचा मक्ता एका इंग्रज उमरावाच्या मंडळीला दिला.

बाकीच्यांनी एवढा वेळ घालवला नाही. मुख्य मंत्री रिशेल्यूने १६२९ साली फ्रान्समध्ये जकात बसवली, १६७४ साली तिथे सरकारी मक्तेदारी आली. स्पेनच्या कॅस्टिल राज्यात मक्तेदारी १६३६ सालीच आली आणि सेव्हिलचा कारखाना राजाच्या तपकिरीने भरून गेला.

सरकारं तंबाखूवर किती विसंबली होती हे पाहायचं तर इंग्लंडातल्या ग्लॉस्टरशायरमध्ये जावं. विंचकम गावाच्या आसपासच्या शेतकऱ्यांनी १६१९ च्या सुमारास तंबाखू लावली आणि ती चांगली आली. त्याच वर्षी जेम्स राजाने इंग्लंडात तंबाखू पिकवायला बंदी घातली. देशी पानाला जकात लागत नव्हती, व्हर्जिनियाच्या पानाला लागत होती. राजे बदलले, मध्ये राजा मारला गेला, क्रॉमवेलचं प्रजासत्ताक आलं, पण ही बंदी कुणी उठवली नाही. १६५८ साली पीक उपटायला गेलेल्या घोडेस्वारांना पाच-सहाशे गावकरी आडवे आले आणि पथकाला परत फिरावं लागलं. राजेशाही परतल्यावरही तेच. १६६७ च्या सप्टेंबरात पेप्स लिहितो, की राजाचं खास पथक विंचकमकडे तंबाखू नासायला गेलंय, लोक कायदा मोडून ती लावतात, अनेकदा ती उपटली गेली आहे, तरी ते लावतच राहतात. शतकाच्या शेवटच्या दशकापर्यंत हे चालू होतं.